आमच्या घरची बखर

आमच्या घरात रोज रात्री साडेआठ वाजता लढाई होते. गैरसमज नको. सौभाग्यवती आणि मी यांच्यातली नव्हे. तिचा निकाल फार वर्षांपूर्वी लागला असून मी मांडलिक म्हणून सुखाने नांदतो आहे. ही लढाई आमचे चिरंजीव जेवताना सांगतात. दिवसभरात कॉम्प्युटरवर त्यांनी जी मर्दुमकी गाजवलेली असते, तिचं साद्यंत वर्णन आमटीच्या वाटीभोवती होतं. वाटी म्हणजे किल्ला, लोणच्याच्या फोडी म्हणजे शत्रूचं घोडदळ आणि डावीकडून जी चटणी हळूच पुढे सरकते ते म्हणजे खुद्द राजेसाहेब. परवा या धामधुमीत ताकाचा पेला धारातीर्थी पडला, तर चिरंजीव म्हणाले, "बघा, नदी आडवी आली ती अशी!"

मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला 'सिंगल विंडो ऑपरेटर' म्हणतात. म्हणजे पूर्वी चार खिडक्यांवर मिळून जी बोलणी खावी लागत, ती आता एकाच खिडकीत बसून खायची. शिक्षण बी.कॉम. तेव्हा साहित्यकृतीचं परीक्षण करण्याचा मला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. पण परीक्षण लिहिणारे सगळेच पुस्तक वाचून लिहितात असं थोडंच आहे? मी ही बखर गेले आठ महिने एकही रात्र न चुकता ऐकली आहे. मराठीतल्या कुठल्या टीकाकाराने एका कृतीला इतका वेळ दिला आहे, सांगा!

बखरीचा पहिला खंड सॅक्सनांचा. खेळाचं नाव 'थ्रोन्स ऑफ ब्रिटानिया', २०१८ सालचा. इंग्लंडात डेन लोकांनी धुमाकूळ घातला होता त्या काळची, म्हणजे सन ८७८ ची हकिकत. खेळणाऱ्याने वेसेक्सचा सॅक्सन राजा आल्फ्रेड व्हायचं आणि एकेक परगणा घेत सगळं बेट खिशात घालायचं. चिरंजीव आल्फ्रेड झाले. झाले म्हणजे इतके झाले की, दूध आणायला सांगितलं तर "मर्सियाचा बंदोबस्त करून जातो" असं उत्तर येऊ लागलं.

"सॅक्सन म्हणजे कोण रे?" आईने पहिल्याच रात्री विचारलं.

"आपले."

"आणि ते डेन?"

"ते त्यांचे."

आईचं समाधान झालं. महाभारतापासून महापालिकेच्या निवडणुकीपर्यंत सगळ्या लढाया तिने याच दोन खात्यांत टाकून समजून घेतल्या आहेत.

आता या खंडाच्या शैलीबद्दल. चिरंजीव सांगत, "मी ढालवाल्यांची भिंत टेकडीवर उभी केली. घोडदळ झाडीत लपवलं. ते चढून चढून दमले. मग मी मागून घातलं. त्यांचे सहाशे गेले, माझे चाळीस." आम्ही वाहवा केली. दुसऱ्या रात्री पुन्हा टेकडी, पुन्हा झाडी, त्यांचे सातशे आणि यांचे पस्तीस. तिसऱ्या रात्रीही तेच. ओळीने तेवीस रात्री टेकडी, झाडी आणि पस्तीस-चाळीस! आता ज्या पासबुकात नुसत्या जमेच्या नोंदी आहेत, नावे टाकलेली एकही नाही, असं पासबुक खिडकीत आलं की आम्ही बँकेतले लोक चष्मा वर करून खातेदाराकडे बघतो. मीही चिरंजीवांकडे बघितलं. पण ते तेव्हा चटणी पुढे सरकवत होते.

मग मी आल्फ्रेडविषयी जरा वाचलं. तेव्हा कळलं की, खेळ जिथून सुरू होतो त्याच्या अलीकडेच सगळी गंमत संपली आहे. ८७८ च्या जानेवारीत डेन सरदार गुथ्रमने अचानक छापा घातला आणि राजेसाहेब मूठभर माणसांनिशी पळाले ते सॉमरसेटच्या दलदलीत, अ‍ॅथेल्नी नावाच्या बेटावर. चिखलात लपून त्यांनी माणसं गोळा केली आणि मे महिन्यात एडिंग्टनला गुथ्रमला हरवलं. खेळ सुरू होतो या विजयानंतर. म्हणजे सिनेमा मध्यंतरानंतर दाखवायचा आणि पैसे मात्र पूर्ण तिकिटाचे घ्यायचे!

त्या चिखलातल्या दिवसांची एक दंतकथाही आहे. राजा एका गुराख्याच्या झोपडीत लपला होता. त्या घरच्या बाईने चुलीवरच्या भाकऱ्यांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. राजाचं लक्ष गेलेल्या राज्यात, भाकऱ्या जळल्या, आणि हा राजा आहे हे ठाऊक नसलेल्या त्या बाईने त्याची अशी काही हजेरी घेतली म्हणता! मी ही गोष्ट जेवताना सांगितली तेव्हा आई घास हातात धरून ऐकत राहिली. म्हणाली, "अरे, ही तर आपल्या शिवाजीमहाराजांची म्हातारी!" महाराजांनी गरम भाताच्या मधोमध हात घातला, तेव्हा 'कडेकडेने खा' म्हणून म्हातारीने त्यांना शिकवलं, ती आपल्याकडची लोककथा. दोन राजे, मधे समुद्र आणि आठशे वर्षं, पण दोघांनाही शहाणं करायला स्वयंपाकघरातली बाईच लागली.

"तुझ्या खेळात ती बाई आहे का रे?" आईने विचारलं.

"नाही आजी. तिचा काय उपयोग?"

"मग कसला मेला तो खेळ!"

पहिल्या खंडावरचं माझं परीक्षण या एका वाक्यापुढे जात नाही.

दुसऱ्या खंडाला माझाच आगाऊपणा कारण झाला. "परक्यांची राज्यं कसली चालवतोस? आपलं काही नाही का?" असं मी म्हणालो. निघालं. 'एम्पायर: टोटल वॉर' नावाचा २००९ सालचा खेळ, आणि त्यात मराठ्यांचं राज्य चक्क चालवायला मिळतं. खेळ काढणारी कंपनी इंग्लंडातली. म्हणजे १८१८ साली ज्यांनी आमचं राज्य घेतलं, त्यांच्याच गाववाल्यांनी ते दोनशे वर्षांनी आम्हाला परत विकलं. व्यापारी जात ती व्यापारी!

खेळ सुरू होतो १७०० सालापासून, आणि वर्षाला दोन टर्न, म्हणजे दोन खेळ्या. खऱ्या इतिहासात त्या वर्षी मार्चमध्ये राजाराममहाराज वारले, एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि पंचविशीतल्या ताराबाईंनी पदर खोचून कारभार हाती घेतला. पडद्यावर मात्र सगळं स्थिरस्थावर. खजिन्यात शिल्लक, गडावर झेंडा, दाराशी हत्ती.

हिशेबाच्या बाबतीत हा खेळ मला सुरुवातीला आवडला हे कबूल केलं पाहिजे. कराचा काटा वरखाली करता येतो. कर वाढवला की रयत नाराज होते, कमी केला की खजिना. फौजेचा पगार दर टर्नला आपोआप वळता होतो. एकदा चिरंजीव शाळेत गेलेल्या पोरासारखा चेहरा करून आले, "बाबा, खर्च उत्पन्नाच्या वर गेलाय." बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या ज्ञानाची घरात गरज पडलेला तो पहिला प्रसंग. मी दोन हत्ती कमी करायला सांगितले. राज्य तगलं.

पण पुढे लक्षात आलं की, या राज्यात सावकार नाही! आमच्या इतिहासात तलवारीच्या एक पाऊल मागे नेहमी सावकार उभा. थोरल्या बाजीरावांसारखा लढाई न हरणारा माणूस, पण ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली त्यांची पत्रं कर्जापायी जीव मेटाकुटीला आलेल्या माणसाची आहेत. आमच्या खिडकीत येणारे खातेदार यापेक्षा वेगळं काही बोलत नाहीत, फक्त दिल्लीवर स्वारी करत नाहीत एवढंच. ज्या खेळात पगार वेळेवर होतो, थकबाकी नाही, कर्ज नाही, त्याला मराठेशाही म्हणायचं की सरकारी नोकरी?

वेढ्यांचंही तसंच. चिरंजीव रोज एक किल्ला घ्यायचे. फौज नेऊन वेढा घालायचा, काही टर्न थांबायचं, किल्ला आपला. हे ऐकून एका रविवारी मी त्यांना सकाळी मिसळ खाऊ घातली आणि पेठ रस्त्याने थेट रामशेजला नेलं. आमच्या नाशिकपासून हाकेच्या अंतरावरचा किल्ला. वनवासात रामाने इथे शेज केली म्हणून रामशेज. सह्याद्रीतल्या उग्र किल्ल्यांच्या मानाने अगदी सालस. खालून बघितला तर वाटतं, हा काय, जेवून चढू आणि वामकुक्षीला घरी येऊ.

औरंगजेबाच्या सरदारांनाही तसंच वाटलं असावं. १६८२ साली शहाबुद्दीनखान मोठी फौज घेऊन आला. किल्ल्यावर धड तोफा नव्हत्या. पण कातडी भरपूर होती. तेव्हा वरच्या लोकांनी लाकडाच्या तोफा केल्या, त्यांना कातडी मढवली आणि त्याच डागल्या. खानाने किल्ल्याच्या तोडीचा लाकडी बुरूज उभारून बघितला. जमलं नाही. मग बहादूरखान आला. तोही थकला तेव्हा एक मांत्रिक पुढे झाला. त्याने सोन्याचा नाग करवून घेतला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. वरून गोफणीचा धोंडा आला तो बरोब्बर त्याच्या छातीवर. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे आणि फौज जिकडून आली तिकडे. पाच वर्षांवर हे चाललं. शेवटी किल्ला गेला तो तोफेने नव्हे, नागाने तर नव्हेच. पैसे मोजून गेला. व्यवहार रोखीचा!

आता या सगळ्या गमती सांगितल्या कुणी? खाफीखानाने. म्हणजे मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकाराने! आपल्या बाजूची फजिती त्याने लपवली नाही, म्हणून तीनशे वर्षांनंतर त्याची हकिकत वाचताना हसू येतं आणि गडावरच्या त्या अनोळखी माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात. त्याने 'आमचे चाळीस, त्यांचे सहाशे' एवढंच लिहिलं असतं, तर त्याला आज कोण विचारतं?

चिरंजीव वर रामाच्या देवळापाशी धापा टाकत बसले होते. खाली सगळा मुलूख पसरला होता.

"पाच वर्षं म्हणजे किती टर्न, बाबा?"

"वर्षाला दोन. दहा."

"दहा टर्न मी तासाभरात करतो," ते म्हणाले. पण नेहमीच्या जोरात नव्हे.

तरीही खोड जायची थोडीच? पुढच्याच आठवड्यात एका रात्री घोषणा झाली, "पानिपत जिंकलं!" झालं होतं ते असं. मराठी फौज दिल्लीवर गेली, पानिपताच्या आसपास मोगलांशी गाठ पडली. पहिल्यांदा चिरंजीव हरले, म्हणून त्यांनी आदल्या दिवशी जतन केलेला डाव पुन्हा उघडला. दुसऱ्यांदाही हरले. पुन्हा उघडला. चौथ्यांदा जिंकले आणि आमच्यापुढे वाढला तो फक्त चौथा.

तेव्हा मला त्या तेवीस टेकड्यांचं गुपित कळलं. पासबुकातली नावेची पानं फाडलेली होती!

याच सुमारास त्यांनी सीएची पहिली परीक्षा दिली होती. अकाउंट्सचा पेपर कसा गेला म्हणून विचारलं तर म्हणाले, "मस्त!" टेकडी, झाडी, माझे चाळीस याच सुरात.

आमच्या बँकेतही चुकीची नोंद उलटवता येते. पण उलटवलेली नोंद पुसली जात नाही. चूक राहते, तिच्याखाली दुरुस्ती येते, दुरुस्तीवर दोन सह्या येतात, आणि संध्याकाळी रोख कमी भरली तर कारकुनाच्या खिशाला खार लागतो. पुसता येईल अशी चूक ही चूकच नव्हे, आणि पुसता येईल अशी हार ही हार नव्हे. मग तिच्यानंतरचा विजय तरी कसला?

मी त्या रात्री खरं पानिपत सांगायला घेतलं. मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघालेली फौज, बरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू. ऑक्टोबरअखेर अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आडवा बसला. मग अडीच महिने लढाईपेक्षा भूक मोठी. रसद आणि पैसा पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. बिचारा वसुलीचा माणूस. त्यांच्याबद्दल आम्हा बँकवाल्यांना विशेष जिव्हाळा. आणि १४ जानेवारी १७६१. सॅक्सनांचंही असंच एक पानिपत आहे. २५ सप्टेंबर १०६६ ला राजा हॅरल्डने उत्तरेत नॉर्वेवाल्यांना हरवलं, तशीच फौज धावत दक्षिणेला आणली, आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जला नॉर्मनांपुढे सगळं संपलं. मधे एकोणीस दिवस. त्याला कुठे आदला डाव उघडता आला?

मग ते पत्र सांगितलं. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत एका सावकाराचं पत्र पडलं. त्यात सांकेतिक भाषेत मजकूर होता की, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांबं किती गेलं त्याचा तर हिशेबच लागत नाही. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार. चांदी-तांबं म्हणजे बाकीची माणसं. नानासाहेब त्या धक्क्यातून उठले नाहीत, जूनमध्ये वारले.

मी आयुष्यभर नाणी मोजली. खुर्दा मोजायचा सगळ्यांना कंटाळा असतो हे मला ठाऊक आहे. खेळाचं एक मात्र मान्य करावं लागेल, तो खुर्दा पैन् पै मोजतो. एकशेवीसपैकी सदतीस उरले, असा आकडाच दाखवतो. पण लगेच शेजारी एक बटण. ते दाबलं, पैसे भरले, की तुकडी पुन्हा एकशेवीस!

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "विश्वासरावाची आई इथलीच ना रे?" खरं होतं. गोपिकाबाई उत्तरायुष्यात आमच्या गंगापुरात राहिल्या. विश्वासराव पानिपतात गेले, माधवराव १७७२ साली क्षयाने गेले, नारायणराव १७७३ साली मारले गेले. हे सगळं बघून ती बाई १७८८ साली नाशिकलाच वारली. आम्ही राहतो तो रस्ता गंगापूर रोड. रोज त्यावरून स्कूटर घालतो.

"मोत्याची आई कुठे होती ते ठाऊक आहे," आई म्हणाली. "खुर्द्यांच्या आया कुठे कुठे असतील?"

त्या रात्री चटणी पुढे सरकली नाही.

मी एक पैज लावली. नवा डाव मांडायचा, जुना उघडायचा नाही. हरलं तर हरलं. जमलं तर महिन्याचा नेटचा रिचार्ज माझ्याकडून. चिरंजीव तयार झाले आणि आमच्या जेवणावर पंधरा दिवस भयाण शांतता पसरली. भाजीत मीठ कमी आहे वगैरे गोष्टी पहिल्यांदाच लक्षात येऊ लागल्या.

मग एका रात्री ते म्हणाले, "आज मोठी लढाई गेली."

आणि सांगू लागले. घाई कशी केली, मागे राखीव कुणी कसं ठेवलं नाही, उजवीकडची टेकडी दिसली होती पण तिकडे कोण येणार असं कसं वाटलं. बाराशे बंदूकवाल्यांतले ऐंशी परत आले. "त्यातली एक तुकडी अगदी पहिल्यापासून माझ्याबरोबर होती, बाबा. कितीतरी लढाया. अनुभवाचे पट्टे मिळवलेली. ती सगळीच गेली. तिला मी साधं नावसुद्धा दिलं नव्हतं."

आमटी गार झाली तरी कुणी वाढून घेतलं नाही. टीकाकार म्हणून मी नमूद करतो की, आठ महिन्यांच्या या बखरीतलं हे एकच प्रकरण पुन्हा ऐकावंसं वाटलं. मराठीतली मोठी बखरही भाऊसाहेबांच्या पराभवाचीच आहे, विजयाची नव्हे. आपले लोक उगाच रडके म्हणून नव्हे. हरलेला माणूस खरं सांगतो म्हणून.

चिरंजीव थोडं थांबले. ताटात बोट फिरवत म्हणाले, "अकाउंट्सचा पेपर पण तसाच गेलाय."

बोलायला तोंड उघडलं तेव्हा मी ओरडणार होतो. बी.कॉम. बापाच्या मुलाचा अकाउंट्सचा पेपर! पण तोंडातून निघालं ते भलतंच. "ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा मी तीनदा दिली होती. जागाच कमी निघाल्या, असं घरी सांगत आलो. जागा भरपूर होत्या. मी नापास झालो होतो. तिन्ही वेळा."

"मला माहीत होतं," सौभाग्यवती म्हणाली.

"मलासुद्धा," आई म्हणाली.

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"तू चौथ्यांदा बसशील म्हणून वाट बघत होतो," आई म्हणाली.

चिरंजीव माझ्याकडे बघून हसले, मी त्यांच्याकडे. दोन पराभूत राजे तहाला बसल्यासारखे. पुढच्या खेपेला काय करायचं ते ठरवायला मी कागद-पेन्सिल घेतली. तेवढ्यात सौभाग्यवती उठली. म्हणाली, "लढाया संपल्या असतील तर तो किल्ला आधी रिकामा करा. मला वाटी घासायची आहे."